मोठ्या दिवसासाठी राखलेली पत्ती

कृष्णाकाठच्या एका गावात एकदा एक वृद्ध क्लॅरिनेटवादक राहत असत. नाव हैबतीराव, पण सारे गाव त्यांना मास्तर म्हणे. तारुण्यात त्यांनी बँडमध्ये वाजवले होते. पुढे एका गायकाच्या पायाशी बसून त्यांनी रागविद्या घेतली, आणि वरातीत वाजणाऱ्या या वाद्यातून ख्यालाची आलापी काढण्याचा ध्यास आयुष्यभर बाळगला. ज्यांनी ऐकले ते भारावून गेले. तरीही जाणकारांच्या मैफलीत त्यांना कधी कोणी बोलावले नाही. क्लॅरिनेट म्हणजे नवरदेवाच्या घोड्यापुढे वाजवायची वस्तू, हे लोकांचे मत फार जुने होते. मास्तरांनी त्या मताशी कधी वाद घातला नाही. ते वाजवत राहिले.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. क्लॅरिनेटची नळी कितीही उत्तम लाकडाची असो, तिचा आवाज तिच्यात नसतो. नळीच्या वरच्या टोकाला, जिथे वादक ओठ लावतो, तिथे एक लहानशी पत्ती कडीने आवळलेली असते. पोकळ बोरूची काडी तासून ती केलेली असते. बोटाएवढी लांब, आणि टोकाशी इतकी पातळ की उजेडात धरली तर आरपार दिसावे. श्वास या पत्तीवर पडतो, पत्ती थरथरते, आणि त्या थरथरण्यातून सूर जन्मतो. पत्ती चांगली असेल तर वादकाला वाटते, आपण वाजवत नाही, बोलत आहोत. पत्ती बिघडली तर मोठमोठ्या वादकाचे वाद्यही चिरकते. आणि पत्ती केव्हा ना केव्हा बिघडतेच, कारण ती गवताची आहे. ती ओलावा पिते, सुकते, वाकते, थकते.

मास्तरांकडे शिसवीची एक चपटी पेटी होती. तिच्या तळाशी काचेची पट्टी बसवलेली होती, आणि त्या काचेवर पत्त्या एका रांगेत आडव्या निजलेल्या असत. वाजवून झाले की मास्तर कडी सैल करीत, पत्ती उतरवीत, धोतराच्या मऊ तुकड्याने ती देठाकडून टोकाकडे हलकेच पुसत, सावलीत थोडी सुकू देत, आणि मगच तिला काचेवर सपाट बाजूने ठेवीत. वाजलेली पत्ती नेहमी रांगेच्या शेवटी जाई. दुसऱ्या दिवशी रांगेच्या आरंभी जी असेल ती बाहेर येई. पावसाळ्यात पेटीत कोरड्या तांदळाची पुरचुंडी असे, म्हणजे दमट हवा पत्त्यांना बाधत नसे. कडक उन्हाळ्यात त्याच जागी मोसंब्याची ताजी साल असे, म्हणजे पत्त्या तडकत नसत. हे सारे मास्तर इतक्या सहजपणे करीत की पाहणाऱ्याला ती एका म्हाताऱ्याची सवय वाटावी.

त्यांचा शिष्य केरबा यालाही ती सवयच वाटे.

केरबा शेजारच्या तालुक्यातला. त्याच्या घरात बँडचा पिढीजात धंदा होता. लहानपणापासून तो वरातीत क्लॅरिनेट वाजवत आला होता आणि त्याची बोटे विलक्षण चपळ होती. एका लग्नात वाजवत असताना मांडवाच्या कडेला बसलेल्या मास्तरांनी त्याला ऐकले आणि जवळ बोलावून म्हणाले, "तुझ्या बोटांना घाई फार आहे, पण सुराला जागा सापडते. माझ्याकडे येशील का?" केरबा त्याच आठवड्यात आपले वाद्य आणि वळकटी घेऊन आला. गावात एक खोली घेऊन तो राहू लागला. पोटासाठी लग्ने वाजवी, आणि उरलेल्या वेळात मास्तरांपुढे बसे. वर्षांमागून वर्षे गेली. बोटांची घाई ओसरली. मास्तरांची आलापी त्याच्या वाद्यात हळूहळू उतरू लागली.

एके दिवशी सकाळी गावातले हळदीचे एक मोठे व्यापारी मास्तरांच्या घरी आले. ते गावच्या संगीत सभेचे अध्यक्ष होते. ओसरीवर बसून त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि सरळ विषयाला हात घातला.

"मास्तर, यंदाच्या उत्सवात क्लॅरिनेट ठेवायचं मनात आहे. आमच्या सभासदांत कुरकुर चाललीय. कोणी म्हणतं, आता व्यासपीठावर बँड बसवणार का? पण मी शब्द टाकलाय. जमलं तर या वाद्याला कायमची वाट मोकळी झाली. नाही जमलं तर..." शेठजींनी वाक्य पुरे केले नाही.

"तर पुन्हा कोणी विचारणार नाही," मास्तर शांतपणे म्हणाले. "शेठजी, तुम्ही फार उशिरा आलात. माझा दम आता व्यासपीठावरच्या वादनाला पुरत नाही. पण केरबा वाजवील. मी मागं तंबोरा घेऊन बसेन."

शेठजींनी केरबाकडे पाहिले. त्यांच्या नजरेत शंका होती. मास्तरांच्या नजरेत ती नव्हती, म्हणून शेठजींनी मान हलवली.

त्या दिवसापासून केरबाच्या मनाने एकच दिवस धरला. सभेचा दिवस. जणू त्याच्या आयुष्यातल्या बाकी साऱ्या दिवसांनी त्या दिवसापर्यंत पोहोचवण्याचे काम तेवढे करायचे होते.

याच सुमारास त्याला ती पत्ती मिळाली. नव्या पत्त्यांची एक पुडी त्याने मागवली होती. त्यातली एक लावून त्याने सहज षड्ज धरला आणि तो स्वतःच थबकला. असा सूर त्याच्या वाद्यातून कधी निघाला नव्हता. खर्जात गंभीर, वर जाताना कुठेही न तुटणारा, फुंकर घालावी तितक्यात बोलणारा. मास्तर आतल्या खोलीत होते, ते दारात येऊन उभे राहिले.

"चांगली पत्ती आहे," ते म्हणाले. "हळूहळू मुरव तिला. आज थोडी, उद्या थोडी. एकदम रगडू नकोस."

केरबाने मान डोलावली. त्या पत्तीला त्याने मनातल्या मनात राणी असे नाव दिले. दोन-तीनदा ती वाजवली, आणि प्रत्येक वेळी त्याला वाटले की आपण हिला खर्च करीत आहोत. शेवटी एका संध्याकाळी त्याने ती उतरवली, मखमलीच्या तुकड्यात गुंडाळली, एका पितळी डबीत ठेवली, झाकण घट्ट लावले आणि डबी आपल्या खोलीतल्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी विचारले, "कालची पत्ती कुठाय?"

"राखून ठेवलीय, मास्तर."

"राखून? कशासाठी?"

"सभेसाठी."

मास्तर म्हणाले, "तिला वारा लागू दे रे. अधूनमधून वाजवत जा."

"हो, मास्तर," केरबा म्हणाला. पण त्याने तसे केले नाही. म्हाताऱ्या माणसांना काळजीची सवय असते, असे त्याला वाटले. शिवाय डबी उघडायचीही त्याला भीती वाटू लागली होती. बाहेरची हवादेखील राणीला लागू नये, इतके त्याचे तिच्यावर प्रेम जडले होते.

बाकीच्या पत्त्यांकडे मात्र तो आता परक्यासारखा पाहू लागला. रियाजाला जी हाती येईल ती लावी. वाजवून झाले की ती तशीच ओली, कडीत आवळलेली ठेवून देई. लग्नाला जाताना दोन-चार पत्त्या सदऱ्याच्या खिशात टाकी. कुणाचे टोक उडाले, कुणाला पीळ पडला, तरी त्याला त्याचे काही वाटत नसे. आणि मग हळूहळू जे पत्त्यांचे झाले तेच वाजवण्याचेही होऊ लागले. लग्नात तो नुसती बोटे फिरवी. बँडमधला ट्रम्पेट वाजवणारा रंगनाथ एकदा म्हणालादेखील, "केरबा, तू इथं असतोस का रे?" केरबा हसला. मास्तरांपुढेही तो राग वरवर मांडू लागला. अवघड जागा आली की तिला स्पर्श करून पुढे सरकू लागला.

"आज निषाद अर्ध्यावर का सोडलास?" मास्तरांनी एकदा विचारले.

"माझी राखलेली राणी लागली की तो आपोआप येईल, मास्तर."

मास्तर तंबोऱ्याच्या तारा जुळवू लागले.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी एक बाई मास्तरांच्या दाराशी आली. ती बाळकूतात्याची सून. बाळकूतात्या म्हणजे बँडच्या काळातला मास्तरांचा जोडीदार. मोठा ढोल तो वाजवी. आता त्याची उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा जवळजवळ गेली होती.

"मास्तर," ती पदराने घाम पुसत म्हणाली, "मामंजी तोंडात घास घेईनात. पेजसुद्धा थुंकून टाकतात. आज सकाळपासून बोटं अशी अशी हलवतात. मला आधी कळेना. मग ध्यानात आलं, तुमचं वाद्य मागतायत. पण उद्या तुमचा मोठा कार्यक्रम आहे, तेव्हा..."

"चल," मास्तर म्हणाले आणि उठले.

केरबा त्यांच्यामागोमाग निघाला, पण त्याचे मन कुरकुरत होते. "मास्तर, उन्हाचं कशाला जाताय? सभा झाल्यावर जाऊ की. उद्या तुम्हाला तंबोऱ्यावर बसायचंय."

मास्तरांनी वाद्य त्याच्या हाती दिले आणि पेटी स्वतःच्या काखेत घेतली.

गावाबाहेर एका पत्र्याच्या खोलीत बाळकूतात्या बाजेवर पडला होता. दारात दोन शेळ्या बांधलेल्या होत्या. मास्तरांना पाहून त्याच्या डाव्या डोळ्यात पाणी आले. मास्तर त्याच्या पायाशी बसले, पेटी उघडली, रांगेच्या आरंभीची पत्ती उचलली, जिभेवर क्षणभर ओली केली आणि कडीत आवळली. मग त्यांनी भीमपलासचा पहिला सूर लावला.

केरबाच्या अंगावर काटा आला. ही पत्ती राणीच्या तोडीची होती. नव्हे, तिच्याहून सरस होती. तिच्यात राणीचा उजळपणा होताच, पण त्याखाली एक मुरलेपण होते, जे नव्या पत्तीत असूच शकत नाही. मास्तरांचा दम आखूड झालेला, तरी त्या आखूड दमात ती पत्ती पुरेपूर बोलत होती. मास्तर फार वेळ वाजवत राहिले. मधे थांबत, श्वास गोळा करीत, पुन्हा सुरू करीत. आलापी संपवून त्यांनी जुनी एक धून धरली तेव्हा बाळकूतात्याचा डावा हात घोंगडीवर सरकला आणि ठेका देऊ लागला. बरोबर समेवर त्याच्या हाताची थाप पडे. सुनेने संधी साधून पेजेची वाटी पुढे केली. त्याने एक घोट घेतला. मग दुसरा. तिने तोंड वळवून डोळे टिपले.

परतताना केरबाला राहवेना.

"मास्तर, इतकी उत्तम पत्ती तुमच्या पेटीत होती? आणि ती तुम्ही इथं वाजवलीत? एवढा वेळ? ऐकायला एक आजारी माणूस आणि दोन शेळ्या!"

"बाळकू ऐकत होता," मास्तर म्हणाले.

"पण उद्यासाठी..."

"उद्याचं उद्या बघू. ऊन फार आहे, सावलीतनं चाल."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी सभागृह भरले. पुढच्या रांगेत गावोगावचे गवई आणि जाणकार बसले होते. पडद्यामागच्या खोलीत केरबा नवा सदरा घालून बसला. त्याने देव्हाऱ्यातली डबी आणली होती. ती त्याने दोन्ही हातांनी कपाळाला लावली आणि झाकण उघडले.

आतून कुबट वास आला.

मखमलीला पत्ती चिकटली होती. त्याने ती हलकेच सोडवली. तिच्या अंगावर काळपट ठिपके पडले होते. टोक पाण्यावरच्या लाटेसारखे वर-खाली झाले होते. शेवटच्या दिवशी ओली असतानाच त्याने ती गुंडाळली होती, आणि तो ओलावा घट्ट झाकणाखाली आतल्या आत कुजला होता. त्याने तरीही ती लावून फुंकर घातली. आधी नुसती हवा गेली. मग एक चिरका आवाज निघाला. त्याने खिशातल्या पत्त्या काढल्या. एकीचे टोक उडालेले, दुसरीला पीळ, तिसरी मधोमध तडकलेली. यांतली कोणतीही आलापी पेलणार नव्हती, हे त्याला लावून पाहण्याआधीच कळले.

शेठजी पडदा सारून आत आले. "तयार? लोक वाट पाहतायत."

मास्तर म्हणाले, "आलोच, शेठजी. जरा वाद्य जुळतंय."

शेठजी गेले. केरबाने मास्तरांचे पाय धरले. "मास्तर, घात झाला. राणी गेली. माझ्याकडं एकही पत्ती नाही."

मास्तरांनी राणीकडे एकदा पाहिले. ते रागावले नाहीत. त्यांनी शिसवीची पेटी पुढे ओढली आणि उघडली. केरबाच्या जिवात जीव आला. कालची पत्ती! रांगेच्या शेवटी ती निजलेली होती. तिची किंचित सोनेरी झालेली कड त्याने ओळखली. त्याने अधीरपणे हात पुढे केला.

मास्तरांनी त्याचा हात बाजूला सारला.

"ती नव्हे," ते म्हणाले. "ती काल वाजली. आज तिची विश्रांती आहे." आणि त्यांनी रांगेच्या आरंभीची पत्ती उचलून त्याच्या तळहातावर ठेवली. "आज हिची पाळी."

केरबाला वाटले, आपण नीट ऐकले नाही. "मास्तर, सभा आहे ही! आजच्या दिवशी तरी जी सगळ्यांत चांगली ती द्या!"

"हिची पाळी आहे," मास्तर पुन्हा म्हणाले. त्यांनी पेटी मिटवली, काखेत मारली, तंबोरा उचलला आणि ते रंगमंचाकडे निघाले.

केरबाला त्या क्षणी मास्तरांचा विलक्षण राग आला. सारे आयुष्य ज्या क्षणाची वाट पाहिली तो दाराशी उभा आहे, आणि हा माणूस त्याच्यापुढे एका सवयीचा हट्ट धरून बसला आहे! पण रागवायलाही वेळ नव्हता. त्याने पत्ती ओली केली, आवळली आणि तो बाहेर गेला.

त्याने पूरिया धनाश्रीचा षड्ज लावला. सूर आला, स्वच्छ आला. पण तो राणीसारखा नव्हता. त्याचा रंग गडद होता, थोडा दबलेला. वर जाताना ही पत्ती आपण होऊन धावत नव्हती. तिला श्वासाने उचलावे लागत होते. तबल्याच्या पहिल्या काही आवर्तनांत केरबा चाचपडला. पुढच्या रांगेत कुणीतरी खाकरले. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की आज काहीही आपोआप येणार नाही. त्याने डोळे मिटले आणि त्या पत्तीला ऐकू लागला. ती कुठे रेटा मागते, कुठे नुसता स्पर्श, कुठे थांबायला सांगते, हे तो तिच्याकडूनच शिकत गेला. कोमल ऋषभावर ती अशी काही विसावली की त्याच्या पाठीमागे तंबोऱ्याशी बसलेल्या मास्तरांनी हलकेच 'वा' म्हटले. निषादापाशी तो आला. ज्या जागेला इतके दिवस नुसता स्पर्श करून तो पुढे जाई, तिथे आज तो थांबला, आणि त्याने तो सूर पुरता भरला.

सभागृहात खाकरणे थांबले होते. पुढच्या रांगेतले एक वयोवृद्ध गवई मांडीवर हात ठेवून बसले होते. त्यांनी तो हात हलकेच उचलला आणि समेवर ठेवला. त्यानंतर केरबाने कुणाकडे पाहिले नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्याला किती वेळ गेला याचे भान नव्हते. शेठजी रंगमंचावर आले. बोलायचे बरेच ठरवून आले असावेत, पण त्यांनी फक्त मास्तरांना हात जोडले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी केरबाची पूर्ण मैफल. नाही म्हणू नका."

पुढच्या गायिकेचे गाणे सुरू झाले तेव्हा गुरुशिष्य सभागृहाच्या मागच्या पायरीवर येऊन बसले. मास्तरांनी केरबाच्या हातून पत्ती घेतली, पुसली, आणि वारा लागावा म्हणून गुडघ्यावर ठेवली.

"मास्तर," केरबा म्हणाला, "एक विचारू? समजा आज माझं चुकलं असतं. मी चिरकलो असतो. या वाद्याची वाट कायमची बंद झाली असती. तरी तुम्ही मला तीच पत्ती दिली असती?"

"हो."

"का?"

मास्तर सांगू लागले.

"कालची पत्ती काल बराच वेळ वाजली. तिच्या अंगातला ओलावा अजून पुरता गेलेला नाही. आज ती पहिल्या आलापीला गोड बोलली असती, आणि द्रुत येईतो गळून पडली असती. हे झालं पत्तीपुरतं. पण तू पत्तीपुरतं विचारत नाहीस. केरबा, या पेटीतली प्रत्येक पत्ती मी अशी वाढवलीय की कोणत्याही दिवशी कोणतीही हाताला आली तरी मला भीती वाटू नये. आज मी त्यांतली एक निवडली असती, तर त्याचा अर्थ असा झाला असता की बाकीच्या दिवशी मी कमी प्रतीचं वाजवत आलो. तसं मी केलेलं नाही. बाळकूकडं मी चांगली पत्ती शोधून नेली नव्हती. पण त्याच्यासाठी मी हलकी शोधली असती, तर तो हलकेपणा माझ्या वाजवण्यात उतरला असता, आणि तोच हलकेपणा घेऊन मी आज इथं तंबोऱ्यावर बसलो असतो."

त्यांनी पत्ती उचलून उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा गुडघ्यावर ठेवली.

"तू राणीला जपलंस, असं तुला वाटलं. तू तिला कोंडलंस. बोरूला रोज थोडा श्वास लागतो आणि मग मोकळ्या हवेत विसावा लागतो. तेवढ्यानं तो मुरतो. आणि दुसरं सांगू? ज्या दिवशी तू तिला मोठ्या दिवसासाठी बाजूला काढलंस, त्या दिवशी तू तुझे बाकीचे सगळे दिवस लहान करून टाकलेस. मग त्या लहान दिवसांत तू लहान वाजवत गेलास. राणी कुजली त्याचं मला काही नाही. पत्त्या पुष्कळ मिळतील. तू आत कुजू नयेस एवढीच मला चिंता होती."

"मग तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"वारा लागू दे म्हणालो होतो की. तू 'हो' म्हणालास."

केरबाने मान खाली घातली. लग्नांमध्ये नुसती फिरवलेली बोटे त्याला आठवली. अर्ध्यावर सोडलेले सूर आठवले. इतक्या लोकांच्या मांडवांत आपण गेलो, आणि एकाही मांडवात खरोखर उपस्थित नव्हतो, हे त्याला पहिल्यांदाच स्पष्ट दिसले. त्याला फार लाज वाटली. मग त्या लाजेच्या तळाशी त्याला एक अनपेक्षित दिलासा सापडला: उद्याचा दिवस अजून वाजवायचा होता.

"मास्तर, मी निघतो," तो उठत म्हणाला. "उद्या सकाळी एक लग्न आहे. पत्त्या नीट लावून ठेवायला हव्यात."

मास्तर हसले. त्यांनी पेटीतली, रांगेच्या आरंभी आता आलेली पत्ती त्याला दिली आणि म्हणाले, "हिला सांभाळून ने. सदऱ्याच्या खिशात नको."

दुसऱ्या दिवशीचे लग्न अगदी साधे होते. शाळेच्या पटांगणात मांडव, पन्नास-साठ माणसे, आणि पाहुण्यांचे लक्ष जेवणाच्या पंगतीकडे. मुलीला हळद लागत होती. बँडने नेहमीची धून धरली. केरबाने श्वास घेतला आणि वाजवू लागला. त्याने काही अधिक केले नाही. तान घेतली नाही, राग मांडला नाही. धून होती तशीच वाजवली, पण तिच्यातला एकही सूर त्याने अर्ध्यावर सोडला नाही. हळद लावणाऱ्या बायकांचे बोलणे कधी थांबले हे त्यांनाही कळले नाही. नवऱ्या मुलीने मान वर करून पाहिले.

धून संपली. रंगनाथने ट्रम्पेट ओठांपासून बाजूला घेतला आणि केरबाकडे अवाक होऊन पाहिले.

"अरे, आज काय विशेष?" त्याने विचारले.

"काही नाही," केरबा पत्ती उतरवून पुसत म्हणाला. "आज गुरुवार, इतकंच."